तलावाच्या पाळीवर गळ आणि मुक्काम: या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावोगावच्या बोड्या म्हणजे लहान तळी, वर्धा आणि वैनगंगेवरची मोठी धरणं. गळ टाकून एक रात्र काढायला विदर्भात जागेची कमी नाही. तरी कितीतरी जण रिकाम्या हाताने, डास चावून घेऊन आणि डोकं धरून परत येतात. कारण शोधायला गेलं तर चूक बहुतेक वेळा गळ पाण्यात पडायच्या आधीच झालेली असते: जागा निवडताना, आमिषाची कणीक मळताना नाहीतर तंगूसची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गाठ मारताना.

न विचारता बसणं

तलाव सरकारी असला तरी त्यातला मासा सहसा मत्स्य सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं आणि वर्षभराची राखणही त्यांचीच. आधी संस्थेच्या माणसाला भेटा, गळाला मुभा आहे का, किती पैसे आणि किती मासा न्यायचा ते ठरवून घ्या. त्याच भेटीत तळ कुठे खडकाळ आहे, जुनी झाडं कुठे बुडालेली आहेत, मासा कोणत्या कोपऱ्यात येतो हेही कळतं. डोंगा चालवणाऱ्या ढीवर (मासेमार) माणसाइतका तो तलाव कोणालाच ठाऊक नसतो.

मेळघाट, पेंच, ताडोबा, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांत गळ टाकायचा विचारच नको, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पण वाघाला प्रकल्पाची हद्द कळत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी भागात गावाला लागून असलेल्या झुडपातही वाघ असतो. झाडोऱ्याकडे पाठ करून एकट्याने बसू नका, आणि अंधार पडायच्या आत गावाच्या बाजूच्या पाळीवर या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली अस्वल येतं, तेव्हा मोहाच्या झाडाजवळून अंधारात वाट काढू नका.

मासा लागत नाही, मग गळ का बदलता?

दोन तास तरंग (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा) हलला नाही की लोक गळ बदलतात, कणीक बदलतात, जागा बदलतात. खोली मात्र कोणी मोजत नाही. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. आमिष भलत्याच थरात लटकत असेल तर शेजारून मासा गेला तरी उपयोग नाही.

मोजायची रीत सोपी आहे. तरंग दोरीवर सरकता ठेवा. गळाला वीसेक ग्रॅमचं शिसं तात्पुरतं अडकवून जिथे गळ टाकायचा तिथेच टाका. तरंग पूर्ण बुडाला तर पाणी तुमच्या अंदाजापेक्षा खोल आहे, तरंग वर सरकवा. आडवा पडला तर दोरी जास्त झाली, खाली आणा. तरंगाचं फक्त टोक पाण्यावर राहिलं की तरंगापासून गळापर्यंतचं अंतर म्हणजे तिथली खोली. मृगळासाठी आमिष तळाला टेकू द्या, रोहूसाठी त्याहून वर, मधल्या थरात घ्या. कतल्यासाठी बरंच वर, कणीकही एकदम मऊ. तो चावत नाही, ओढून घेतो.

तरंग मोठा असणं ही दुसरी चूक. बोराएवढा जाड तरंग ओढायला जोर लागतो, माशाला तो कळतो आणि तो आमिष थुंकतो. मोरपिसाच्या देठाचा बारीक तरंग घ्या आणि शिसं इतकं लावा की नखाएवढंच टोक वर दिसेल.

आता कणीक. दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी भाजून कुटलेली शेंगदाणा ढेप (पेंड) आणि पाणी अगदी थोडं थोडं. कणीक हाताला चिकटायची थांबेपर्यंत मळा. फेकताना ती हवेतच सुटून पडत असेल तर आपल्याकडे त्यावर घरचाच इलाज आहे: सरकी काढलेला चिमूटभर कापूस बोटांनी पिंजून कणकेत मळायचा. धागे पिठाला धरून ठेवतात. निघण्यापूर्वी तपासा. बोराएवढी गोळी गळाला लावून पाण्याने भरलेल्या लोट्यात दहा मिनिटं सोडा. बाहेरून मऊ पडून वास सुटला आणि गळाला धरून राहिली तर कणीक जमली. दगडासारखी घट्ट राहिली तर मासा तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही, विरघळून गेली तर तुम्ही तासभर रिकामा गळ राखत बसाल.

एक वेळ मात्र अशी असते की काहीही केलं तरी मासा लागत नाही. वैशाखात शेवाळ दाटलेल्या बोडीत पहाटे मासे तोंड वर काढून गप्पा मारल्यासारखे दिसतात. लोकांना वाटतं, आता खूप लागतील. खरं तर रात्रभर पाणवनस्पतींनीही पाण्यातला प्राणवायू वापरलेला असतो, उजाडायच्या आधी तो सर्वात कमी असतो आणि मासा श्वासासाठी धडपडतो. अशा वेळी तो खात नाही. ऊन वर येऊन पाणी सावरू द्या, मग गळ टाका.

मरळ हा वेगळाच जीव. तो काठावरच्या बेशरम झुडपाच्या मुळांत, कमळाच्या पानांखाली दबा धरून असतो आणि कणकेकडे पाहतही नाही. त्याला बेडूक किंवा लहान मासा हवा. ओढलं की लगेच झटका देऊ नका, आमिष तोंडात फिरवून गिळायला चार-पाच सेकंद द्या. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका फिरताना दिसला तर त्याखाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. तेव्हा गळ टाकू नका. ते गेले की पिलं दुसरे मासे फस्त करतात.

दोरी तुटते ती बहुतेक गाठीपाशी

तंगूसची गाठ कोरडी आवळली तर घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, मग सावकाश ओढा. गेल्या वर्षी पडवीत उन्हात टांगून ठेवलेली नायलॉन दोरी तर वापरूच नका, उन्हाने ती कडक होऊन तटकन तुटते. शेवटचा दोन मीटर भाग दोन नखांमध्ये धरून ओढत तपासा, खरखर लागली तर तेवढा कापून टाका.

रीळ असेल तर तिचा ब्रेक काट्यावर लावा. दोरी 6 किलोची असेल तर वजनकाट्याला बांधून ओढा, दीड ते दोन किलोवर रीळ सरकू लागली पाहिजे. पूर्ण घट्ट आवळलेल्या ब्रेकमुळे मोठा रोहू पहिल्याच धावेत दोरी तोडून जातो.

शिंगी मासा लागला तर उघड्या हाताने पकडू नका. तिच्या छातीच्या पराचा काटा विषारी असतो. ओल्या फडक्याने डोक्यामागे धरा. काटा लागलाच तर हात सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. चटका बसेल इतकं गरम नको. सूज चढत गेली तर दवाखाना.

काळ्या मातीवरचा तंबू

पाणी ओसरलेली सपाट जमीन तंबूला फार चांगली वाटते. ती गाळाची काळी माती असते. कोरडी असताना तिला भेगा पडतात, त्यात विंचू आणि साप बसतात, खुंटीही धरत नाही. अवकाळी एक सर पडली की तीच जमीन चिकट चिखल होते. तंबू पाळीवर किंवा मुरमाच्या उंचवट्यावर लावा, पाण्याच्या रेषेपासून निदान दहा-पंधरा पावलं वर. खुंटी तंबूपासून बाहेर झुकवून, साधारण 45 अंशात ठोका. सरळ ठोकलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झोताला वर येते.

धरणाखालच्या नदीपात्रात, वाळूवर तर कधीच मुक्काम नको. गोसीखुर्दसारख्या धरणाचे दरवाजे उघडले की तुमच्याकडे एक थेंब पाऊस नसतानाही पाणी वाढतं.

डिसेंबरात सकाळी तंबू आतून ओला झाला तर तो गळतो असं समजू नका. तुमच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमलेली असते. दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवा.

झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या, डासांपेक्षा मण्यारीसाठी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, जखम धड दिसतही नाही आणि वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं तर वाट पाहू नका. चिरा देऊ नका, आवळपट्टी बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. हातपाय हलू न देता 108 ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

ऊन आणि वीज

एप्रिलनंतर सकाळी दहा ते चार सावलीबाहेर राहू नका. चालताना ताशी अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. घाम खूप गेला तर नुसतं पाणी पुरत नाही: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला तर आधी पाणी ओतून, वारा घालून अंग थंड करा, गाडीची वाट त्यानंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

ढग गडगडला की गळाची काठी आडवी ठेवा, विशेषतः कार्बनची असेल तर, कारण तिच्यातून वीज वाहते. पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हा, पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत बसा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

मासा घरी नेताना

उन्हाळ्यात मासा पिशवीत टाकून दोन तास ठेवला की पोटाकडून खराब होतो. लागल्या लागल्या कल्ले आणि आतडी काढा, धुवा, बर्फाचे तुकडे पोटात आणि वरखाली भरा, माशाइतकाच बर्फ. तुटलेल्या तंगूसचा प्रत्येक तुकडा बोटाभोवती गुंडाळून खिशात घाला. पाण्यात सोडलेली दोरी पाणपक्ष्यांच्या पायात अडकते, आणि महाराष्ट्रातले सारस मुख्यतः याच गोंदियाकडच्या तलावांवर आणि धानबांध्यांत उरले आहेत.