पॅनलवरचं 840 आणि जॉबचं 840

डिप्लोमा करून भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या (पोलाद तापवून-थंड करून कडक किंवा मऊ करायच्या) शॉपमध्ये लागलो, तेव्हा कोणत्या तापमानाला पोलादाचं काय होतं ते दाखवणारी आयर्न-कार्बनची आकृती मी डोळे मिटून काढायचो. 727 अंश, युटेक्टॉइड, सगळं पाठ. पहिल्याच आठवड्यात भट्टीवरच्या मामांनी पॅनलकडे बोट दाखवून विचारलं, "हा 840 कोणाचा रे?" मी म्हटलं, भट्टीचा. ते हसले आणि चहाला गेले.

आकडा थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीत खुपसलेल्या तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या, टोकाचा असतो. एवढं कळायला मला ईएन 24 या मिश्र पोलादाच्या शाफ्टचा अख्खा चार्ज, म्हणजे एका वेळी भट्टीत टाकलेला सगळा माल, घालवावा लागला. 840 ला हार्डनिंग, मग तेलात; गावाकडचा लोहार कोयत्याला पाणी देतो, तेच काम. ग्राफ सरळ रेषेत होता. तरी कीवेच्या (शाफ्टवरच्या चावीच्या खाचेच्या) कोपऱ्यांत केसासारखे तडे! दोन दिवस आम्ही मटेरियलला शिव्या घातल्या. मग मामांनी थर्मोकपलच्या डोक्याला (भट्टीबाहेर केबल जोडतात तिथे) हाताची मागची बाजू लावली, झटकन मागे घेतली आणि विचारलं, "केबल कोणी बदलली?"

मीच बदलली होती. के टाइपच्या थर्मोकपलपासून पॅनलपर्यंतची कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणारी खास केबल) दोन्ही टोकांना उलटी, प्लसला मायनस, जोडून बसलो होतो. एकाच टोकाला उलटी जोडली असती तर भट्टी तापताना आकडा खाली पळाला असता आणि लगेच कळलं असतं. दोन्हीकडे उलटी, म्हणजे आकडा शहाण्यासारखा वर चढतो. फक्त डोकं आणि पॅनल यांच्या तापमानात जेवढा फरक, त्याच्या दुप्पट कमी दाखवतो. डोकं 65, पॅनल 35. चूक 60 अंशांची. पॅनल 840 म्हणत होतं तेव्हा भट्टी 900 ला होती.

थर्मोकपल बरोबर असला तरी जॉब, म्हणजे भट्टीत तापणारा भाग, मागेच असतो. 75 मिलिमीटर जाडीच्या शाफ्टचा गाभा पॅनलच्या मागून सावकाश तापतो, म्हणून सोकिंगची (त्या तापमानाला मुरू द्यायची) वेळ सेटपॉइंट, म्हणजे पॅनलवर लावलेलं तापमान, आल्याबरोबर मोजायला लागू नका. 'इंचाला तास' हा शॉपमधला ठोकताळा आहे. बास्केट गच्च भरली असेल तर तोही पुरत नाही.

तेलाच्या टाकीची भीती बाळगा, खरंच सांगतो. होइस्ट (बास्केट उचलणारी यारी) मध्येच अडकून लाल बास्केट अर्धी तेलात, अर्धी बाहेर राहिली की आग लागलीच म्हणा. तेलात पाणी शिरलं तर त्याहून वाईट: पाण्याची वाफ होऊन तेल उतू जातं. म्हणून चार्ज काढण्याआधी होइस्ट एकदा रिकामा चालवून बघायचा. कपडे सुतीच. टेरिकॉट अंगाला चिकटतं.

गॅस कार्बुरायझिंगवर (वायूतून पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवायच्या कामावर) टाकलं, तर 920-930 हे कामाचं तापमान पाठ होईलच. त्याआधी 760 लक्षात ठेवा. त्याच्या खाली भट्टीत मिथेनॉल, ज्याचा तो वायू होतो, सोडायचं नाही. वर असताना वायूला हवा मिळाली तर तो तिथेच पेटून जातो. खाली न पेटता साठतो आणि मग एकदम भडका.

हार्डनेस घेताना जॉब आधी घासून घ्या, कारण वरचा थर कार्बन गमावून मऊ झालेला असू शकतो. रॉकवेलचा (हार्डनेस मोजायच्या मशीनचा) इंडेंटर, म्हणजे टोचणारं टोक, बदलला की पहिलं रीडिंग मी वहीत लिहीतच नाही. तो नीट बसायला एक टोचा लागतो.