पिलाटीसचा क्लास लावण्याआधी घरच्या फरशीवर करायची तयारी

पिलाटीस म्हणजे श्वास आणि पोटावर ताबा ठेवून करायचा व्यायाम. त्याच्या क्लासमध्ये सूचना भराभर येतात: ‘न्यूट्रल’, ‘टेबलटॉप’, ‘श्वास सोडा’. नवखा माणूस पहिले काही तास हे शब्द उलगडण्यातच घालवतो आणि तोवर महिन्याची निम्मी फी संपते. त्याआधी दोन-तीन आठवडे घरी रोज १५ मिनिटं दिली तर तेवढं वाचतं.

गादी नको. ती दबते आणि कंबरेखालची पोकळी कळतच नाही. नुसत्या शहाबादीवर मणके टोचतात, म्हणून जाडसर गोधडीची दुहेरी घडी घाला. उन्हाळ्यात लातूर-नांदेडकडे पारा चाळिशीपार जातो; पत्र्याचं घर असेल तर सकाळी सातच्या आत उरका. पोट रिकामं हवं.

आधी श्वास. पंचा किंवा ओढणी खालच्या फासळ्यांभोवती गुंडाळून टोकं समोर धरा. नाकातून श्वास घेताना कापड दोन्ही बाजूंना ताणलं पाहिजे. तोंडाने सोडताना फासळ्या मिटतात आणि बेंबीखालचा भाग हलका आत जातो. पोट फुगवून श्वास घ्यायची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, आठवडाभर तरी अडखळायला होतं.

मग न्यूट्रल, म्हणजे कमरेचा नैसर्गिक बाक कायम ठेवून पडणं. उताणे झोपा, गुडघे वाकवा, पावलांत कुल्ल्यांइतकं अंतर ठेवा. बेंबीच्या खाली, ओटीपोटावर स्टीलची छोटी वाटी अर्धी पाण्याने भरून ठेवा. कंबर फरशीला दाबली की पाणी तोंडाच्या बाजूला कलतं, कमान केली की पायांकडे. पाणी सपाट राहतं ती जागा तुमची. ती हाताला लागली, की पुढचं सगळं सोपं होतं.

वाटी तशीच ठेवून श्वास सोडत एक पाय उचला: गुडघा कुल्ल्याच्या बरोबर वर, पोटरी जमिनीला समांतर. श्वास घेत खाली. आलटून पालटून प्रत्येकी ८ वेळा. पाणी सांडलं तर पाय कमी उचला. पोट मधोमध डोंगरासारखं फुगलं तर पोटाला भार झेपत नाहीये, थांबा. हे जमल्यावरच दोन्ही पाय वर ठेवायचे, त्यालाच टेबलटॉप म्हणतात.

ब्रिजसाठी वाटी बाजूला ठेवा. श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका उचला, खांदे ते गुडघे सरळ रेषेत येईपर्यंत. उतरताना छातीमागचा भाग आधी टेकतो, माकडहाड सगळ्यात शेवटी. ६ वेळा पुरे. मांडीमागे गोळा येत असेल तर टाचा फार लांब आहेत, जरा जवळ घ्या.

‘हंड्रेड’ म्हणजे उताणं पडून शंभर मोजायचा व्यायाम; त्याची घाई बहुतेकांना नडते. हात जमिनीपासून वीतभर वर ठेवून लहान-लहान हलवायचे. ५ मोजत श्वास घ्या, ५ मोजत सोडा, अशा १० फेऱ्या झाल्या की १००. सुरुवातीला डोकं आणि पावलं खालीच ठेवा, ३ फेऱ्याच करा. पुढे डोकं उचलताना हनुवटी आणि छातीत लिंबाएवढी जागा ठेवा आणि नजर मांड्यांकडे. मान दुखली म्हणजे पोटाचं काम मान करतेय. जर्मनीत १८८३ साली जन्मलेल्या जोसेफ पिलाटीस यांनी स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हटलं होतं. इथे मोजणी चुकली तरी चालेल, ताबा सुटायला नको.

मणक्यातली गादी सरकलेली, हाडं ठिसूळ, हर्निया, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. हाडं ठिसूळ असतील तर डोकं उचलून पुढे वाकणं तर नकोच.

क्लास ठरवताना मॅटवर आहे की रिफॉर्मर या सरकत्या गाडीच्या यंत्रावर ते विचारा. रिफॉर्मरची गाडी स्प्रिंगवर सरकते, आणि काही हालचालींत स्प्रिंग हलकी केली की काम उलट अवघड होतं, कारण गाडी पोटानेच सावरावी लागते. रिफॉर्मरच्या क्लासला तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे सोबत न्या.