वर्तमानपत्राचा कल कसा ओळखावा : खान्देशातील वाचकासाठी

वर्तमानपत्र कोणाकडे झुकलेले आहे हे तपासायचे असेल, तर अग्रलेखापासून सुरुवात करू नये. बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची ओळ आधी वाचावी. १९५६ च्या नियमांनुसार वृत्तपत्रांना फेब्रुवारी सरल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापावे लागे आणि त्यात एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावेही येत. त्यामुळे वाचनालयातील जुन्या फायलींत मार्चचे अंक चाळणे फायद्याचे ठरते.

‘सामना’ १९८८ साली शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच निघाला, म्हणून त्याचा कल शोधावा लागत नाही. ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेला ‘सकाळ’ पुढे पवार कुटुंबाकडे गेला. ‘दिव्य मराठी’ दैनिक भास्कर समूहाचे आहे. मात्र एवढ्यावरून निकाल देऊन मोकळे होऊ नये. अमेरिकी दैनिकांवरील २०१० च्या एका गाजलेल्या अभ्यासात दैनिकाचा झुकाव त्याच्या वाचकांच्या राजकीय मताशी बराच जुळला, मालकाचा प्रभाव मात्र फारच थोडा आढळला. आपल्याकडे अंकाची किंमत छपाईचा खर्चही भागवत नाही, त्यामुळे वाचकाच्या जोडीला जाहिरातदार, आणि त्यातही सरकार, हिशेबात धरावेच लागते.

वाचकवर्गाचा परिणाम जळगाव आवृत्तीत सहज दिसतो. रावेर, यावल, चोपड्याकडे केळी उत्पादक हा अंक विकत घेणारा वर्ग असल्याने केळीचे भाव आणि पीक विमा यांना ठळक जागा मिळते. अंक विकत घेणारे थोडे असलेल्या धडगाव, अक्कलकुव्याकडील पाड्यांची आठवण मात्र बहुधा कुपोषणाची बातमी आली की होते.

समजा, केळीचे भाव उतरले. एक दैनिक ‘केळीचे भाव गडगडले’ असे लिहील, दुसरे ‘व्यापाऱ्यांकडून केळी उत्पादकांची कोंडी’ असे. पहिल्या मथळ्यात दोषी कोणीच नाही, दुसऱ्यात तो आधीच ठरलेला आहे. अशी एकच बातमी तीन दैनिकांत शेजारी-शेजारी ठेवून कोणाचे म्हणणे आधी आले, कोणाचे शेवटच्या परिच्छेदात ढकलले आणि कोणाला विचारलेच नाही, हे पेन्सिलीने खुणावत जावे.

सर्वांत जास्त वेळ तालुक्याच्या पानाला द्यावा, कारण माझ्या मते खरा कल तिथेच कळतो. तालुका वार्ताहराला मानधन जेमतेम असते आणि जाहिरातीवरील कमिशन हा त्याचा मोठा आधार असतो. नेत्याच्या वाढदिवसाची पानभर शुभेच्छा जाहिरात ज्याने मिळवायची, त्यानेच त्या नेत्याच्या ताब्यातील बाजार समितीच्या कारभारावर लिहायचे असते. यात वार्ताहरापेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक आहे. एखादा स्थानिक पुढारी निवडून महिनाभर त्याच्या जाहिराती आणि त्याच्याविषयीच्या बातम्या वहीत तारीखवार मांडाव्यात. जाहिरात बंद होताच बातमीचा सूर बदलला, तर तीही नोंद घ्यावी.

निवडणुकीत ही वही विशेष उपयोगी पडते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न राज्यात गाजला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल दिला. तोच मजकूर दोन दैनिकांत शब्दशः सारखा, पण वेगवेगळ्या नावांनी आढळला, तर दोन्ही कात्रणे तारखेसह जपून जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रारीसोबत जोडावीत.