नाशिकमधील घरात बिअर्डेड ड्रॅगनसाठी टेरॅरियम कसे उभारावे

घोरपड पकडून घरी ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. त्यामुळे शेताच्या बांधावर सापडलेला प्राणी पाळण्याचा विचार मनातून काढून टाकावा. परदेशी प्रजातींपैकी हिरव्या इग्वानासारख्या साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतील प्राण्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कोणताही सरडा घेताना विक्रेत्याकडून पावती आणि कागदपत्रे मागावीत. येथे विचार केला आहे तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचा.

पूर्ण वाढलेला ड्रॅगन शेपटीसह 45 ते 60 सेंटीमीटर लांब होतो. त्यामुळे टेरॅरियम, म्हणजे त्याची राहण्याची पेटी, किमान 120 सेमी लांब, 60 सेमी रुंद आणि 60 सेमी उंच असावी. तयार काचेच्या टाकीपेक्षा सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेऊन समोर सरकत्या काचा बसवणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण लाकूड ऊब धरून ठेवते. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाळी लावावी, म्हणजे गरम हवा वरून बाहेर पडते आणि ताजी हवा खालून आत येते. आतून लावलेल्या पॉलिशचा वास पूर्णपणे जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी.

खरे काम यापुढचे आहे. सरड्याला स्वतःच्या शरीराची उष्णता निर्माण करता येत नाही आणि पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेले अन्न पचत नाही. म्हणून पेटीत सर्वत्र सारखे तापमान नको, तर एक टोक गरम आणि दुसरे थंड असे हवे, जेणेकरून त्याला हवी ती जागा निवडता येईल. गरम टोकाला हॅलोजन दिवा चिनीमातीच्या होल्डरमध्ये, जाळीच्या आवरणासह आणि डिमिंग थर्मोस्टॅटवर (तापमानानुसार दिवा मंद-प्रखर करणाऱ्या उपकरणावर) लावावा. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअस, तर थंड टोक 24 ते 28 अंश असावे. काचेवर चिकटवायच्या गोल तापमापकांवर विसंबू नये. दोन्ही टोकांना प्रोब (तारेच्या टोकाचा संवेदक) असलेले डिजिटल तापमापक ठेवावेत.

ड्रॅगन दिवसा वावरणारा प्राणी असल्याने त्याला यूव्हीबी (अतिनील प्रकारचे) किरण लागतात, ज्यांच्याशिवाय कॅल्शियम हाडांत नीट मुरत नाही. पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीची टी-5 प्रकारची (बारीक) यूव्हीबी दिव्याची नळी गरम बाजूला बसवावी. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे पेटी उन्हात ठेवून काही साधत नाही. उलट आतील तापमान जीवघेणे होऊ शकते. नळी प्रकाश देत राहिली तरी तिचे किरण क्षीण होतात, म्हणून ती साधारण वर्षाने बदलावी.

तळाला शहाबादी फरशीचे तुकडे उत्तम: त्या ऊब धरतात, त्यांवर नखे झिजतात आणि त्या पुसायला सोप्या असतात. पिलांसाठी सुटी वाळू टाळावी, कारण ती पोटात गेल्यास आतडी तुंबू शकतात. चढायला एक जाड फांदी, लपायला थंड बाजूला आडोसा आणि पाण्याचे उथळ भांडे एवढे पुरे. दोन ड्रॅगन एकत्र ठेवू नयेत.

नाशिकच्या ऋतूंनुसार मात्र ही मांडणी बदलावी लागते. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान दहा अंशांखाली उतरते. पेटीतील रात्रीचे तापमान 18 अंशांखाली जात असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावावा. एप्रिल-मे महिन्यांत अडचण उलटी असते: खोलीच तापल्यामुळे थंड टोक नाहीसे होते, अशा वेळी कमी वॅटचा दिवा लावून पेटी घरातील सर्वांत गार खोलीत हलवावी. ऊन घेताना ड्रॅगनने तोंड उघडणे स्वाभाविक आहे, पण थंड टोकालाही तो तोंड वासून बसला तर पेटी अतितापली असे समजावे. पावसाळ्यात 30 ते 40 टक्के आर्द्रता राखणे कठीण जाते; पाण्याचे भांडे काही तासच ठेवावे आणि जाळ्या झाकू नयेत. कपडे वाळवायला लावलेला पंखा थेट पेटीवर रोखू नये.

प्राणी आणण्यापूर्वी रिकामी पेटी आठवडाभर चालवून सकाळ, दुपार आणि रात्रीची तापमाने वहीत नोंदवावीत. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा किती वेळ चालतो, हेही याच काळात पाहून घ्यावे.