शेततळ्यातला जिताडा अंडी का देत नाही? या चुका टाळा

द्राक्षबागेसाठी खोदलेल्या शेततळ्यात जिताडा सोडला, दोन वर्षं झाली, पिल्लू एकही नाही. म्हणून मासा वांझ समजू नका. चूक बहुधा चिलापी (तिलापिया मासा) पाळायच्या सवयीतून होते. चिलापी तळ्यातच वीण वाढवते, इतकी की नकोशी होते. जिताड्याचं गणित वेगळं.

जोडी लावायला हातभर लांबीचे आठ-दहा मासे निवडले जातात, आणि ते बहुतेक सगळे नर निघतात. जिताडा साधारण ३-४ वर्षांचा झाला की आधी नर म्हणून पिकतो आणि ६-८ वर्षांचा, ८५ ते १०० सेंटिमीटरचा झाला की मादी होतो. म्हणजे आज शुक्राणू देणारी ग्रंथी पुढे अंडाशय बनते. बाजारात जाणारा किलो-दीड किलोचा मासा त्या वयाला पोहोचतच नाही.

मासा चिरून पाहणारेही फसतात. आतड्याभोवतीच्या पांढरट-पिवळट चरबीलाच गाबोळी (अंड्यांची पिशवी) समजतात. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या माशात ही चरबी भरपूर असते! जननग्रंथी शोधायची ती कण्याखाली, हवेच्या फुग्याला लागून, दोन पट्ट्यांत. कोवळ्या माशात त्या दोऱ्यासारख्या बारीक दिसतात. तशा दिसल्या तर काही बिघडलेलं नाही, वय झालेलं नाही एवढंच.

मग कुणीतरी मीठ टाकायला सांगतो. जिताडा गोड्या पाण्यात छान वाढतो, पण अंडी घालायला खाडीच्या मुखाशी उतरतो. तिथे लिटरला २८ ते ३२ ग्रॅम क्षार लागतात. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल शेततळ्यात २० लाख लिटर पाणी धरलं तरी ६० टन मीठ झालं. आणि नुसतं मीठ म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही असतं. वर तेच पाणी बागेला सोडणार? द्राक्षाचं वाटोळं ठरलेलं.

अंडी घालायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनचंही तसंच. ते फक्त तयार अंड्यांना शेवटचा धक्का देतं. बीजकेंद्रात, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, बारीक नळीने नमुना काढून अंडी साधारण ०.४५ मिलिमीटरची झालीत का ते आधी बघतात. कोवळ्या माशाला टोचलं तर औषध वाया आणि मासा जायबंदी. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने १९९७ साली देशात पहिल्यांदा जिताड्याचं बीज तयार केलं, तेही समुद्राचं पाणी आणि वर्षानुवर्षं सांभाळलेले जनक मासे हाताशी असताना.

त्यामुळे नाशिकला बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणायची आणि मासा फक्त वाढवायचा. आणताना एका मापाची घ्या, दर आठवड्याला मोठी वेगळी काढा, नाहीतर मोठं पिल्लू शेजारच्याला गिळतं. थंडीत बोटुकली सोडू नका. निफाडचा पारा घसरला की जिताडा खाणंच टाकतो, तेव्हा खाद्यही हात आखडून टाका.