एकाच डब्यातून चार साइजची पाकिटं विकताय? ऑनलाइन स्टॉकच्या या चुका टाळा

रावेर, सावदा, फैजपूरकडे केळी वेफर्स आणि नंदुरबारकडे मिरची-मसाला विकणाऱ्या बऱ्याच जणांनी आता स्वतःची वेबसाइट टाकलीय आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, साइट म्हणते माल आहे आणि घरात डबा रिकामा, नाहीतर उलटं, घरात माल पडून आणि साइटवर 'आउट ऑफ स्टॉक'. आखाजी (अक्षय तृतीया) नाहीतर दिवाळीच्या आठवड्यात तर विचारूच नका. सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी एक बघा, माल आपल्याकडे किलोत असतो आणि साइटवर आपण पाकिटं मोजतो, निम्मा घोळ तिथंच आहे.

प्रत्येक साइजला पूर्ण माल दाखवणं

समजा २० किलो मिरची पावडर आहे आणि १००, २५०, ५०० ग्रॅम आणि १ किलो असे चार व्हेरियंट. लोक काय करतात, १०० ग्रॅमला २०० पाकिटं, २५० ला ८०, ५०० ला ४० आणि किलोला २० असं टाकून मोकळे होतात. प्रत्येक आकडा वेगवेगळा बघितला तर बरोबरच आहे, पण साइटच्या हिशोबाने तुम्ही ८० किलो विकायला काढलेत भो! दोन दिवस धडाधड ऑर्डर येतात, आनंदी आनंद, आणि मग एकेकाला फोन करून पैसे परत करत बसायचं.

मग घाबरून दुसरं टोक, प्रत्येकाला ५-५ किलो वाटून टाकायचं. ५०० ग्रॅमची १० पाकिटं पहिल्या दिवशी संपतात आणि १०० ची ५० तशीच. गिऱ्हाइकाला कोण सांगणार की २५० ची दोन घ्या, तो सरळ दुसरीकडे जातो.

'शेअर्ड स्टॉक' चालू केला म्हणजे झालं असं समजणं

वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) मेन प्रॉडक्टच्या इन्व्हेंटरीत 'मॅनेज स्टॉक' टिक केलं की सगळे व्हेरियंट एकाच आकड्यातून कमी होतात, इथपर्यंत बरेच जण पोचतात. पण ते सॉफ्टवेअर वजन बघत नाही, नग बघतं. १०० ग्रॅमचं पाकीट गेलं तरी १ वजा आणि किलोचं गेलं तरी १ च वजा. त्यातून एखाद्या व्हेरियंटच्या आत जाऊन कोणी वेगळं 'मॅनेज स्टॉक' टिक करून ठेवलं असेल तर तो व्हेरियंट मेन आकड्याला विचारतच नाही, स्वतःचाच हिशोब चालवतो. आकडे जुळत नसले की सगळ्यात आधी हे तपासा, बऱ्याचदा जुना टिक तसाच राहिलेला असतो.

शॉपिफाय (ऑनलाइन दुकानाची दुसरी तयार सेवा) वापरणाऱ्यांची चूक वेगळी. तिथं प्रत्येक व्हेरियंटचा स्टॉक वेगळाच असतो, आणि चारही व्हेरियंटला एकच एसकेयू (मालाचा ओळख-कोड) दिला की स्टॉक आपोआप जोडला जाईल असं लोकांना वाटतं. नाही जोडला जात. त्यासाठी सिंक करणारं अॅप लागतं, किंवा त्यांचं स्वतःचं बंडल्स अॅप आहे त्यात मल्टिपॅक करता येतो, म्हणजे चार पाकिटांचा एक पॅक, आणि तो विकला की सुट्या पाकिटातून चार कमी.

मग मोजायचं कशात?

सगळ्या साइजला भाग जाईल असं सगळ्यात मोठं माप घ्या. १००, २५०, ५०० आणि १००० ला भाग जाणारं माप म्हणजे ५० ग्रॅम (१०० घेतलं तर २५० ला अडीच येतं, आणि वूकॉमर्स मुळात पूर्ण आकड्यातच स्टॉक धरतं). म्हणजे २० किलोचे झाले ४०० युनिट. १०० ग्रॅम गेलं की २ वजा, २५० ला ५, ५०० ला १०, किलोला २०. हे गुणायचं काम वूकॉमर्स स्वतः करत नाही, प्लगइन (वर जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं किंवा छोटा कोड. फक्त डेव्हलपरला एक नक्की विचारा, गुणाकार फक्त ऑर्डर आल्यावर वजा करतानाच होतो का कार्टमध्ये माल टाकतानाही तपासतो? नुसतं वजा करणारा कोड असेल तर ३ युनिट, म्हणजे १५० ग्रॅम शिल्लक असतानाही साइट एक किलोचं पाकीट कार्टमध्ये घालू देते आणि स्टॉक मायनसमध्ये जातो.

शिल्लक दाखवताना आकडा नेहमी खाली ओढायचा. डब्यात २ किलो ३०० ग्रॅम उरलं तर किलोचे २, अर्ध्या किलोचे ४, पाव किलोचे ९, १०० चे २३, आणि यातलं किलोचं एक गेलं की लगेच १, २, ५, १३ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर सेटिंग चुकलंय, किंवा पेज कॅशमधून (साइटने साठवून ठेवलेल्या प्रतीतून) जुनंच येतंय. ते कॅश पहिलं साफ करून बघा.

पॅक झालेला माल शेअर्ड धरणं

हे कोणी सांगत नाही. डब्यातला सुटा माल चारही साइजचा असतो, पण एकदा पाऊचमध्ये भरून सील मारलं की तो फक्त त्या साइजचा झाला. पाऊचवर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे पाव किलोची चार पाकिटं फोडून किलोचं करायचं म्हणजे नवं पाऊच, नवं लेबल, परत सीलिंग, आणि वेफर्स असले तर वर मूठभर चुरा. म्हणून दोन हिशोब ठेवा, सुटा माल युनिटमध्ये शेअर्ड आणि भरलेली पाकिटं त्या-त्या साइजच्या नावावर. रिकामे पाऊचही मोजा, मिरची १० किलो आणि २५० चे पाऊच १२ च उरले असतील तर पावाची १२ च पाकिटं विकता येतात.

आणि २० किलोतून पूर्ण २० किलोची पाकिटं कधीच निघत नाहीत. तोलताना चार-पाच ग्रॅम जास्तच पडतं, वेफर्सच्या तळाला चुरा राहतो. तुमच्याकडे दर वेळी किती तूट येते ते बघून तेवढं आधीच बाजूला काढा आणि उरलेलंच साइटवर टाका.

स्टॉक आपोआप वाढतो तेव्हा

वूकॉमर्समध्ये ऑर्डर कॅन्सल केली की स्टॉक परत जमा होतो. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने घेतलं नाही, तुम्ही ऑर्डर कॅन्सल केली, साइटवर माल वाढला आणि पार्सल अजून परतीच्या रस्त्यावर. चार दिवसांनी येतं तेव्हा वेफर्सचा भुगा. अशा वेळी रिफंडचा पर्याय वापरा, तिथं माल परत जमा करायचा का नाही याचा वेगळा टिक असतो, तो काढा. आणि पेमेंट अर्धवट सोडलेल्या ऑर्डरसाठी माल ६० मिनिटं अडवून ठेवायचं डिफॉल्ट सेटिंग असतं, पण साइटवर फारसं कोणी येत नसेल तर तो माल सोडवणारं आपोआपचं काम वेळेवर चालत नाही आणि माल अडकलेला दिसतो.

एक्सेलवाल्यांसाठी, काल रात्री डाउनलोड केलेली फाइल आज दुपारी आकडे बदलून परत चढवली की मधल्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या गेल्या समजा, कारण फाइल जुनाच आकडा बसवते. ५ किलो नवीन माल आला तर 'प्लस १०० युनिट' करा, एकूण आकडा नव्याने टाइप करू नका. व्हॉट्सअॅपवर आणि घरच्या दारावर विकलेलं पाकीटही त्याच दिवशी वजा व्हायला हवं. बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि मसाला असा कॉम्बो लावला असेल तर त्याला स्वतःचा स्टॉक देऊच नका, तिन्ही वस्तूंतून कमी होईल असं लावा.

सेटिंग बदललं की स्वतःच्या नावाने प्रत्येक साइजची एक-एक ऑर्डर टाका, ५० ग्रॅमच्या मापात एकूण ३७ युनिट कमी झाले का बघा, मग त्या कॅन्सल करा आणि ३७ च परत आले का तेही बघा. दोन-चार युनिट इकडेतिकडे झाले तर आखाजीच्या आधी डेव्हलपरला फोन लावा, नंतर तो उचलत नाही.