४०,००० वजा ७००: 'सायको' मॅरियनच्या बाजूने कसा लिहावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहितेय. रोकड बँकेत भरायलाही मीच जाते. त्यामुळे हिचकॉकचा 'सायको' (१९६०) पाहताना माझा जीव पहिल्यापासून, बँकेत भरायला दिलेली रोकड घेऊन पळणाऱ्या मॅरियनच्या पर्सपाशी अडकला. मागच्या वर्षी भाचीला स्पर्धेसाठी स्वगत लिहायचं होतं. "मावशी, मरणाऱ्या बाईच्या बाजूनं भयपट कसा मांडायचा गं?" तिनं विचारलं. तिच्यासोबत बसून जे केलं ते सांगते.

सिनेमा दिवसाउजेडी, वही घेऊन, थांबवत थांबवत बघा. एकूण १०९ मिनिटं. मॅरियन साधारण ४७व्या मिनिटाला मरते. पहिल्यांदा तिथवरच बघा आणि बंद करा. एरवी आपण हा भाग पुढच्या खुनाची वाट बघण्यात घालवतो, आणि तिचं जगणं नेमकं तेवढ्यातच आहे.

मग प्रत्येक शॉटला विचारा, हा डोळा कुणाचा? गाडी चालवताना रस्ता तिच्या डोळ्यांनी दिसतो. पण कानावर येतात ते तिच्या मनातले इतरांचे आवाज: तिचा साहेब, गाडी विकणारा, ज्याचे पैसे तो गिऱ्हाईक. तिचा स्वतःचा आवाज त्यांत नाही. तो तुम्ही लिहायचा. पुढे ती रात्री ज्या मोटेलात उतरते तिथला नॉर्मन भिंतीवरचं चित्र काढून भोकाला डोळा लावतो. चित्रही कसलं, तर बायबलच्या गोष्टीतल्या आंघोळ करणाऱ्या सुझानावर नजर ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांचं! इथे वहीत आडवी रेघ मारा. या क्षणापासून आपण त्याच्या बाजूला उभे राहतो. लिहिताना मात्र भिंतीच्या अलीकडे, तिच्या खोलीतच राहा. तिला ते भोक माहीत नाही, म्हणून स्वगतातही त्याची चाहूल येता कामा नये.

भाचीच्या पहिल्या खर्ड्यात मॅरियन अगदी गरीब गाय झाली होती. मी तो बाजूला ठेवायला लावला. विश्वासानं हातात दिलेले ४०,००० डॉलर तिनं उचलले, ही चोरीच. पण 'चोरी केली म्हणून मेली' हेही खोटं आहे. मारणाऱ्या नॉर्मनला पैशांचा पत्ताच नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती रक्कम त्यानं न बघता गाडीच्या डिकीत टाकली आणि गाडी दलदलीत ढकलली. चोरी आणि मरण या दोन गोष्टी एका वाक्यात जोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. नॉर्मनशी बोलून ती खोलीत येते. परत जायचं तिचं ठरलंय. टेबलाशी बसून कागदावर मांडते: ४०,००० वजा ७००, बाकी ३९,३००. गाडी बदलताना तिनं वर ७०० मोजले होते, ते भरून द्यायचेत. मग कागद फाडून संडासात टाकते, पाणी सोडते आणि आंघोळीला जाते. हा प्रसंग मी दहादा थांबवून पाहिला. एकदा माझ्या भरण्यात ५०० कमी आले होते. रात्री अडीचपर्यंत पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तीच वजाबाकी करत होते. उत्तर काही बदललं नाही, पण फेडायचं कसं ते लिहून झालं आणि मला झोप लागली. तिच्या अंगावर पाणी पडतं तेव्हा चेहऱ्यावर तीच सुटका दिसते. स्वगत या टेबलाशी सुरू करा. पगार, तिचा प्रियकर सॅम, उद्याचा परतीचा रस्ता, साहेबासमोर उभं राहणं, सगळं त्या आकड्यांमधून येऊ द्या.

आंघोळ करतानाच तिचा सुऱ्यानं खून होतो. तो सुरा लिहू नका. तो प्रसंग चित्रित करायला सात दिवस लागले आणि पडद्यावर तो मिनिटभरही नाही. त्याच्याशी स्पर्धा करण्यात तिचं काहीच नाही. भाचीनं विंगेत बादलीखाली नळ सोडला आणि दिवा घालवला, एवढंच.

उरलेला सिनेमा आता बघा. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ खुन्याचं मन उलगडून सांगतो. मॅरियनला काय हवं होतं हे कुणी विचारत नाही. पण त्याआधी तिची बहीण लायला त्या संडासात वाकून बघते. कागदाचा एक तुकडा वाहून गेलेला नसतो, आणि त्यावर आकडेमोड असते. शेवटचं पान या तुकड्याला द्या. भाचीनं अंधारात एवढंच वाचलं: "चाळीस हजार वजा सातशे. बाकी एकोणचाळीस हजार तीनशे."